विसात एक

विसात एक. याहून जास्त चढ नको,
अशी लेखी अट होती.
वीस पावलांना एक पाऊल वर,
म्हणजे खुर्चीत बसलेल्याच्या
पोटातलं पाणी हलणार नाही.

दोन उन्हाळे मी पाणसळ घेऊन
तळ्याभोवती ओणवी फिरले.
एका टोकाखाली लाकडाची पाचर,
बुडबुडा मधोमध आला की
ह्युबर्ट रोलर पुढे काढायचा.
डांबराची वाफ स्प्रूसच्या वासात शिरायची,
दोन्ही वास एकमेकांना नकोसे.

गावात भांडणं झाली.
तात्रा पाहायचाय ना, मग घाम गाळा,
असं म्हणणारे बहुतेक जण
स्वतः पाळण्यात बसून वर जाणारे.

फीत कापली त्या दिवशी वेंडेलीन आला नाही.
तिसऱ्या दिवशी आला, भाषणं निवल्यावर.
सून बरोबर होती, अग्नेशा,
पण खुर्चीला हात लावू देत नव्हता.
जुने कातडी हातमोजे, ओझ्याच्या दिवसांतले,
आता चाकांवर.

एकतीस वर्षं त्यानं
वरच्या निवाऱ्यात माल वाहिला.
बिअरची पिंपं, गॅसच्या टाक्या, कोबी,
एकदा शिवणयंत्र,
आणि खाली येताना एकदा
पाय मोडलेला एक जर्मन,
जो वाटभर माफी मागत होता.
पाठीवर लाकडी चौकट, डोक्याच्या वर हातभर.
ऐंशी किलो म्हणजे साधा दिवस.
आधी गुडघे गेले. मग मणके,
उतरंडीतल्या मडक्यांसारखे,
खालचं हललं आणि वरची सगळी.

मी शेजारून चालत होते,
कौतुकाची वाट बघत.
दुसऱ्या बाकाशी तो म्हणाला,
"इथे वीस नाही. अठरा."
मी मोजलं.
अठरा.

नवव्या बाकाशी एका झाडाचं मूळ आहे.
मी ते कापू दिलं नव्हतं,
डांबर वरूनच नेलं, दोन बोटं उंचवटा.
म्हटलं, झाडाचंही काही म्हणणं असेल.
पुढची चाकं अडली,
तो पट्ट्यात झुकला, टोपी पडली.
"झाडाचं म्हणणं," तो म्हणाला,
"तू तुझ्या अंगणात ऐक.
मला पलीकडे जायचंय."

टोपी मी उचलून दिली. बोलले नाही.

मग वळणावर त्यानं ब्रेक लावला.
अग्नेशानं थर्मासमधला चहा ओतला,
तो त्याच्या हातात निवत गेला.
बऱ्याच वेळानं विचारलं:
"हे बेट कधी आलं?"

मला वाटलं, थट्टा.
बेट जुनंच. तीन झाडांचं.
पोस्टकार्डावर आहे,
त्यानं वाहिलेल्या प्रत्येक बाटलीच्या लेबलवर आहे.

"मी इथून रोज गेलो," तो म्हणाला.
"रोज.
कुठला दगड ओला, कुठला हलतो,
कुठल्या खाचेत जूनपर्यंत बर्फ,
झोपेत सांगेन.
पण मान वर केली
की चौकट मागे ओढते.
येताना रिकामा,
तेव्हा पळायचं असायचं.
पाणी मला डाव्या कानानं माहीत,
जाताना डाव्या, येताना उजव्या."

पाण्यात सुळके उलटे उभे होते.
एका बदकानं ते मोडले,
परत जुळायला वेळ लागला.
तो तेवढा वेळ थांबला.

निघताना म्हणाला,
"ते अठराचं राहू दे.
हातांना तेवढं लागतं.
मूळ मात्र काढ."

सोमवारी मी यंत्र आणलं.
वरचं डांबर सोललं, खालचं मूळ छाटलं,
पांढरं, ओलं, राळेच्या वासाचं.
आनंद झाला असं नाही.
नव्या थरावर पाणसळ ठेवली,
पाचर लावली,
बुडबुडा मधोमध येईना, मग आला.
पाठ धरली होती.
कमरेवर हात ठेवून उभी राहिले,
मान वर केली.

बेटावर झाडं चार आहेत.